अक्षर उमाठे मॅडमचं

ते पत्रक मी लिहिलं होतं. उमाठे मॅडमनी नाही. हे एवढंसं वाक्य एका ठरावीक खोलीत, एका ठरावीक दुपारी म्हणायचं होतं. ते मी आता लिहिते आहे, जेव्हा कोणी विचारत नाही.

उमाठे मॅडम आमच्या कॉलेजात दर्शनशास्त्र शिकवायच्या. मूळच्या यवतमाळकडच्या. रायपुरात इतकी वर्षं काढली होती की भाजीवालीशी छत्तीसगढी, वर्गात हिंदी आणि माझ्याशी वऱ्हाडी, अशा तीन भाषा त्या न अडखळता बदलायच्या. तात्यापारा मोहल्ल्यात दोन खोल्या आणि वर छत, तिथे एकट्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं. कोणी काहून नाही केलं म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "विचार आला होता. गेला." विचारणारा हसला की त्याच्याकडे आश्चर्याने पाहायच्या, कारण त्यांच्या लेखी त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

अंबाड्यात लाल पेन खोचलेलं असायचं. टोपण हरवलेलं, त्यामुळे मागे केसांत लाल रेघोट्या. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. बोलता बोलता मध्येच एक बोट वर करून थांबायच्या, जणू रस्त्यातून गाडी जाऊ देताहेत. मग म्हणायच्या, "हं, गेला. भलताच विचार होता. काय म्हणून राहिली होती मी?"

वर्गात आम्ही सहा जण. ज्यांना राज्यशास्त्रात जागा मिळाली नाही त्यांना कॉलेज दर्शनशास्त्र देत असे. मॅडमना हे ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. हजेरी त्या रजिस्टरात मान खाली घालूनच घ्यायच्या. टिकेश नावाचा सातवा मुलगा कधीच यायचा नाही. त्याचं नाव आलं की हेमंत आवाज बदलून "उपस्थित मैडम" म्हणायचा. वर्षभर हे चाललं. एकदा मॅडमनी मान वर केली.

"हेमंत, टिकेश की तबीयत कैसी है?"

"ठीक है मैडम."

"उससे कहना, आवाज अच्छी है उसकी. रोज आती है, आदमी नहीं आता. इस साल का पूरा कोर्स यही है, बेटा. आवाज आई तो आदमी है, ऐसा मान लेना चाहिए कि नहीं?"

आणि त्यांनी टिकेशपुढे हजर लिहिलं. त्याच्या आवाजाची हजेरी त्यांना मान्य होती.

विचार करणारा 'मी' खरोखर असतो का, हा त्या वर्षीचा मोठा धडा. पुस्तकात उत्तर होतं की असतो, कारण विचार आहे म्हणजे विचार करणारा असलाच पाहिजे. मॅडमनी पुस्तक मिटलं आणि आम्हांला सांगितलं की दोन मिनिटं डोळे मिटा, आणि कँटीनच्या समोशाचा विचार करू नका. दोन मिनिटांनी विचारलं, "समोसा किसको दिखा?"

सहाही हात वर.

"कौन लाया उसको?"

हेमंत म्हणाला, "अपने आप आ गया, मैडम."

"तू नहीं लाया?"

"मैं तो रोक रहा था."

"रोकने वाला कौन था, वो दिखा?"

हेमंतने पुन्हा डोळे मिटून पाहिलं. मग म्हणाला, "नहीं मैडम. सिर्फ समोसा दिखा."

मॅडम इतक्या खूश झाल्या की त्यांनी खरंच सहा समोसे मागवले. खाताना म्हणाल्या, विचार आहे, इथपर्यंत मला कबूल. त्यापुढे 'मी' कुठून आला, हे मला कोणी दाखवून द्यावं. पेपरात कोणी 'मैंने सोचा' असं लिहिलं की त्या खाली लाल रेघ ओढायच्या आणि समासात लिहायच्या: कोणी पाहिलं?

माझं त्यांच्याशी भांडण तिथेच होतं. आमच्या घरात डब्यांच्या फळ्यांवर वर्तमानपत्र अंथरत नसत, उरलेली पत्रकं अंथरत. बाबा रेल्वेत कारकून आणि युनियनचे जुने माणूस. मी वाचायला शिकले ती हळदीच्या आणि तिखटाच्या डब्यांखालून डोकावणाऱ्या ओळींवर: एक हो जाओ, जवाब दो, कब तक सहोगे. कॉलेजात आल्यावर शहराबाहेर उरला भागात जे कारखाने आहेत तिथल्या मजुरांसाठी मी स्वतः पत्रकं लिहू लागले. मोबाइलवर पाठवलेलं माणूस पुढे ढकलून देतो. हातात दिलेलं खिशात जातं आणि घरी चुलीपाशी कोणीतरी वाचतं. यावर माझा तेव्हाही विश्वास होता.

मॅडमशी ओळख घट्ट झाली ती पत्रकांमुळेच. गोल बाजारामागच्या गल्लीत प्रेस होती. तिथला मुन्ना भैया माझा कागद हातात घेऊन म्हणायचा, "दीदी, ये लिखाई है कि मुर्गी चली है?" माझा मराठी वळणाचा ल तर त्याला कधीच वाचता आला नाही. दोनदा कागद परत आला. तिसऱ्या वेळी मॅडमनी तो माझ्या हातातून घेतला, अंबाड्यातलं पेन काढलं आणि स्टाफरूमच्या टेबलावर ओळ न् ओळ स्वच्छ उतरवून दिला. तेव्हापासून तो रिवाजच झाला. मी लिहायची, त्या उतरवायच्या, मुन्ना भैया छापायचा. मॅडमचं अक्षर मोत्यासारखं नव्हतं. शिरोरेघ मात्र पट्टी लावून मारल्यासारखी सरळ होती, आणि दुरून पाहिलं तरी ओळखू येत असे.

उतरवताना त्या बोलत राहायच्या.

"काय वं, तुह्या पत्रकात हे 'हम' कोण आहे?"

"सगळे मजूर, मॅडम."

"सगळ्यायनं मिळून विचार केला का?"

"आप भी ना मॅडम."

"नाही, सांग मले. एका पोट्टीनं रात्रभर जागून लिहिलं, आन् खाली निवेदक कोण तर 'समस्त श्रमिक साथी'. मी म्हणते विचार करणारा कोणी नसतो. तू म्हणते असतो. मग नाव टाकायच्या वेळी तूच काहून लपून राहिली?"

मी चिडून सांगितलं की नाव महत्त्वाचं नाही, प्रश्न महत्त्वाचा. त्या म्हणाल्या, "बरं. मंग माह्याच पक्षात आहेस तू." आणि पुढची ओळ उतरवू लागल्या.

रविवारी मी त्यांच्याकडे जायची. तात्यापाऱ्यातल्या सगळ्या छतांसारखंच त्यांचंही छत सकाळी काळं असायचं, कारखान्यांकडून येणाऱ्या भुकटीने. झाडायच्या आधी त्या मला वर बोलवायच्या आणि भुकटीवर उमटलेले मांजरीचे पंजे दाखवायच्या. एकदा मी त्या पंजांवरून त्यांना पकडलं. म्हटलं, "मॅडम, पंजा दिसला की मांजर होती हे आपण मानतो. मांजर दिसत नाही तरी मानतो. मग विचार दिसला की विचार करणारा मानायला काय हरकत?"

त्या झाडू हातात धरून उभ्या राहिल्या. बोट वर गेलं. मग म्हणाल्या, "चांगलं आहे. पण मांजर मी पाहिली आहे आधी. मांजर आन् पंजा, दोन्ही संग पाहिले, म्हणून एकावरून दुसरं समजतं. 'मी'ले कोणी पाहिलं आहे का वं? येकदा तरी? पंजेच पंजे आहेत नुसते."

"आणि मग जबाबदार कोण? कारखान्यात माणूस मेला की मालक हेच म्हणतो, हादसा हो गया. कोणी केलं नाही, आपोआप झालं. तुमचं तत्त्वज्ञान त्याच्या कामाचं आहे, मॅडम."

मला वाटलं होतं त्या वाद घालतील. त्यांनी छताचा एक कोपरा पूर्ण झाडला आणि म्हणाल्या, "हा प्रश्न खरा आहे. याचं उत्तर माह्यापाशी नाही." माझ्या आयुष्यात एवढ्या सरळपणे हरलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला मात्र जिंकल्यासारखं वाटलं नाही.

त्याच हिवाळ्यात उरल्यात दुकालू नावाचा एक मजूर गेला. सळ्या बनवायच्या एका कारखान्यात, लोखंड लाटणाऱ्या रोलमधून तापलेली लाल सळई उसळली आणि त्याच्या अंगावर आली. ठेकेदाराने सांगितलं की या नावाचा माणूस आमच्याकडे नव्हताच. रजिस्टरात नाव नाही. हजेरी नाही. गेटपास नाही. पत्नी त्याचा जेवणाचा डबा घेऊन गेटवर उभी राहिली, तर चौकीदार म्हणाला, "बाई, डब्बा तो कोई भी ले आता है."

मी एका दमात पत्रक लिहिलं. दोनच ओळी मला आठवतात. 'रजिस्टर में दुकालू नहीं था, तो मशीन के सामने कौन खड़ा था? जो मरा, वह था या नहीं था?' खाली कारखान्याच्या मालकाचं नाव घेऊन जाब विचारला होता. तो मालक आमच्या कॉलेजच्या व्यवस्थापन समितीवर होता. हे मलाही माहीत होतं आणि मॅडमनाही.

मॅडमनी ते उतरवलं तेव्हा त्या एकदाही बोलल्या नाहीत. 'था या नहीं था' या शब्दांपाशी पेन थांबलं. मला वाटलं आता लाल रेघ येईल. रेघ आली, पण ते शब्द ठसठशीत छापायचे अशी खूण म्हणून. निवेदक 'समस्त श्रमिक साथी'. त्यावर त्यांनी फक्त माझ्याकडे पाहून घेतलं.

आम्ही तीन गेटांवर पत्रकं वाटली. पाचव्या दिवशी प्राचार्यांचं बोलावणं आलं, मला आणि मॅडमना एकत्रच.

खोलीत प्राचार्य होते आणि समितीचे एक गृहस्थ. टेबलावर दोन कागद होते. एक छापील पत्रक, दुसरा प्रेसमध्ये दिलेला हाताने लिहिलेला मजकूर. तो प्रेसमधून कसा आला हे कोणी सांगितलं नाही. मुन्ना भैयाला मी दोष देत नाही. त्याचं दुकान तिथेच होतं आणि त्याला तिथेच राहायचं होतं.

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. "आप गेट पर बाँट रही थीं. फोटो है." मग कागदावर बोट ठेवलं. "बाँटने की बात बाद में. यह सोचा किसने? लिखा किसने?"

मी भाषणं केली होती. दीडशे माणसांपुढे, ट्रकच्या फळीवर उभं राहून. माझं अंतिम वर्ष होतं आणि परीक्षेला तीन आठवडे होते. मला आठवतं की प्राचार्यांच्या मागच्या भिंतीवर नव्या राज्याचा नकाशा होता आणि बस्तरचा कोपरा ओलीने फुगला होता. मी त्या कोपऱ्याकडे पाहत होते. भीती वाटली असती तर मी आज तसं लिहिलं असतं. काहीच वाटलं नाही. तोंडात जीभ होती, ती हलली नाही, एवढंच.

मॅडम म्हणाल्या, "अक्षर मेरा है."

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांना मॅडमचा स्वभाव ठाऊक होता, आणि बहुतेक सगळंच ठाऊक होतं. त्यांनी सुटकेचं दार उघडून दिलं. हळू आवाजात म्हणाले, "उमाठे जी, अक्षर आपका है, यह तो दिख रहा है. आपने सिर्फ उतारा है, या लिखा है? दोनों में फर्क है. आप तो फर्क समझती हैं."

असल्या फरकावर मॅडमनी वर्गात तास न् तास घालवले होते. मला खात्री होती की आता बोट वर जाईल. गेलं नाही.

"मैंने सोचा, मैंने लिखा," मॅडम म्हणाल्या. "लड़की को बाँटने के लिए दिया. उसका इतना ही है."

गृहस्थांनी लिहून घेतलं. मॅडमनी अंबाड्यातलं पेन काढून सही केली. मला सांगितलं, जा, तास सुरू झाला असेल. मी गेले. तास सुरू झाला होता. मी वही उघडली आणि जे सांगितलं जात होतं ते लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तात्यापाऱ्यात गेले. माफी मागायला गेले होते. मागितली नाही. मॅडमनी चहा केला. मी विचारलं, तुम्ही असं का म्हणालात?

"मी पाहून राहिली होती तिथं," त्या म्हणाल्या. "खरंच सांगते तुले. एक विचार आला, पोट्टीचं नाव सांगून टाक. दुसरा आला, 'उतारा' म्हण, ते तर खरंच आहे. तिसरा आला, गॅस बंद केला होता का. तिन्ही आपले आपण आले. मी कुठं होती, ते काही दिसलं नाही."

"मग 'मैंने सोचा' हे कोण म्हणालं?"

"मले माहीत नाही." त्यांनी बशीत चहा ओतला. "आन् हे पाय, यातून काही सिद्ध झालं असं समजू नको. वाक्य बोललं म्हणून बोलणारी सिद्ध होत नाही. पेपरात असं लिहिशील तर मार्क कापीन. पण तिथं कोणीतरी म्हणायला पाहिजे होतं. त्या दुकालूचं कोणीच काही म्हणून नाही राहिलं, आन् तूही म्हणून नाही राहिली."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं.

मी म्हटलं, "मी उद्या जाऊन सांगते. खरं काय ते."

"जाशील?"

"हव."

"तं जा."

मी बाबांना विचारलं. ज्यांची पत्रकं वाचून मी मोठी झाले ते माझे बाबा खिडकीपाशी उभे होते. बाहेर पाहतच म्हणाले, "आता सांगून त्यांची नोकरी वाचणार आहे का? तुझं वर्ष मात्र जाईल." मी त्यांच्याशी भांडले नाही. मी गेलेही नाही. दर्शनशास्त्रात मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. 'मी' आहे की नाही, या प्रश्नाचं उत्तर मी पुस्तकातलंच लिहिलं होतं.

मॅडम करारावर होत्या. काढलं असं कोणी म्हणालं नाही. पुढच्या सत्रात दर्शनशास्त्राचा वर्गच भरला नाही, आणि वर्ग नाही म्हणून शिकवणारी नाही. त्यांनी तात्यापाऱ्यातल्या खोल्या सोडल्या आणि कुठेतरी पुरानी बस्तीकडे राहायला गेल्या, मुलांच्या शिकवण्या घेऊ लागल्या, असं हेमंतकडून कळलं. पत्ता त्याने दिला होता. मी तो लिहून घेतला आणि वापरला नाही. मला 'नवा रायपूर' या नव्याने वसवलेल्या सरकारी शहरात एका कार्यालयात कागद हिंदीत करायचं काम मिळालं. तिथले रस्ते रुंद आहेत. बस क्वचित येते, आणि तिची वाट पाहताना माणसाच्या डोक्यात काहीही येत राहतं. मी कधी कधी पाहते, कोण आणतं ते. मलाही कोणी दिसत नाही. पण ज्या दुपारी मी गप्प बसले त्या दुपारी गप्प बसणारी मीच होते, याबद्दल मला एकदाही शंका आलेली नाही. हा पुरावा मॅडमना चालला असता की नाही, मला माहीत नाही. विचारायला जायला हवं होतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गोल बाजारात, भांड्यांच्या ओळीत. लग्नसराई होती. मी आईसाठी कढई घ्यायला गेले होते. चार दुकानं पुढे, नाव कोरून देणारा बसतो तिथे, मॅडम उभ्या होत्या. पुढ्यात काशाचा मोठा लोटा. केस पांढरे झाले होते, अंबाड्यात पेन नव्हतं. मी टांगलेल्या बादल्यांच्या आड थांबले.

"टिकावन का है, दीदी?" कोरणाऱ्याने विचारलं. लग्नात मुलीला भांडी देतात, त्याला इकडे टिकावन म्हणतात, आणि प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात.

"हव."

"किसकी तरफ से लिखूँ?"

"दुकालू राम."

"लड़की के मामा हैं?"

"बाप."

कोरणाऱ्याने लोटा मांडीवर आडवा धरला. "हैं, कि गुजर गए? गुजर गए हों तो आगे स्वर्गीय लगेगा."

"मत लगाओ. सीधा नाम लिखो."

"लोग पूछेंगे, दीदी."

"पूछने दो."

"और आपका नाम? नीचे जगह है."

"मेरा क्या काम, भैया. मैं तो पहुँचाने जा रही हूँ."

मशीन घरघरू लागली. हातातली कढई जड झाली होती. मी ती दुसऱ्या हातात घेतली. मला चार दुकानं चालून जाता आलं असतं. मॅडम पाठमोऱ्या होत्या, लोट्यावर वाकलेल्या. एक अक्षर झालं की त्या मशीन थांबवायला लावत, पदराने चुरा पुसत, डोळ्यांजवळ नेऊन पाहत, आणि मगच पुढचं कोरू देत होत्या.